‘जागा आहेस का रे?’ : एका भयकादंबरीची काटछाट

पार्श्वभूमी

एका भयकथाकाराच्या सर्वांत लोकप्रिय कादंबरीची ऑडिओ मालिका करायची, असं एका छोट्या चमूने ठरवलं. लेखक हयात नाहीत. हक्क त्यांच्या मुलीकडे आहेत. कथानकाला धक्का न लावता संक्षेप करायची मुभा करारात होती. कादंबरी साडेचारशे पानांची आणि मालिका सोळा भागांची. काटछाट अटळच होती, कात्री कुठे चालवायची एवढंच ठरायचं होतं.

चमूत निर्माती, रूपांतरकार, दिग्दर्शक आणि ध्वनिसंयोजक. मी संहिता-सल्लागार म्हणून नंतर आलो. तोवर पहिले तीन भाग ध्वनिमुद्रित होऊन काही निवडक श्रोत्यांना ऐकवूनही झाले होते. इथे सगळ्यांची नावं गाळली आहेत, आणि कादंबरी ओळखू येऊ नये म्हणून तिचे काही तपशील बदलले आहेत. ज्या प्रसंगांवरून निर्णय अडले त्यांचा सांगाडा तसाच आहे.

कथा अशी. आजारी वडिलांची देखभाल करायला मुलगा नोकरी सोडून घरी परत येतो. वडील अंथरुणाला खिळलेले, पण तोंडाने तिखट. गोळ्यांना टोपणनावं ठेवणारे, डॉक्टरांची नक्कल करणारे. रोज रात्री कधीतरी ते शेजारच्या खोलीतून हाक मारतात, “जागा आहेस का रे?” मुलगा उठतो, पेल्यात पाणी ओततो, नेऊन देतो. पहिल्या दीडशे पानांत हे पुन्हा पुन्हा येतं. कधी वैतागून, कधी थट्टेत, कधी अर्धवट झोपेत. एका रात्री मात्र तो जागा असूनही उठत नाही. डोळे मिटून पडून राहतो. हाक दोनदा येते, मग थांबते. त्यानंतर काही दिवसांनी वडील जातात, आणि त्या रात्रीचा त्यांच्या जाण्याशी काही संबंध होता की नाही हे लेखक कधीच सांगत नाही.

मग एका रात्री हाक येते. मुलगा सवयीने उठतो, पेला भरतो, बोळातून चालत दाराशी जातो, दारावर हात ठेवतो. आणि तिथे त्याला आठवतं.

पुस्तकात हा प्रसंग जेमतेम पाऊण पानाचा आहे. किंचाळी नाही, दार उघडत नाही, खोलीत काय आहे ते कळत नाही. मुलगा हातातलं पाणी स्वतः पितो आणि परत येऊन झोपतो. हे पाणी पिणं मला आजही त्या लेखकाची सर्वांत मोठी करामत वाटते. दुसऱ्या कुणी त्याच्या हातून पेला पाडला असता.

अडचण

रूपांतरकार अनुभवी होता आणि त्याचं गणित सरळ होतं. श्रोता पहिल्या काही मिनिटांत धरला नाही तर तो निघून जातो. म्हणून त्याने वडिलांना पहिल्याच भागात मारलं. दीडशे पानांची देखभाल एका संवादात आली: “बाबांचं मी किती केलं!” डोळे मिटून पडण्याची रात्र त्याने पूर्ण काढली, कारण नायक मनातून उतरेल अशी त्याला भीती होती. मुलाला झोपेचा सल्ला देणारी, सगळ्याचं साधं कारण शोधणारी बहीण दोन वाक्यांत आटोपली. उरलेल्या जागेत खिडकीतला चेहरा आला, घशातली घरघर आली, आपोआप हलणारी आरामखुर्ची आली. यातलं काहीच पुस्तकात नाही.

चाचणीसाठी दोन प्रकारचे श्रोते घेतले होते: कादंबरी वाचलेले आणि न वाचलेले. न वाचलेल्यांची तक्रार नेमकी होती. दचकलो, पण भीती वाटली नाही. आवाज फार मोठे होते. वाचलेल्यांना मात्र काय बिनसलंय ते धड सांगता येईना. “ती मजा नाही”, “त्यांचं वाटतच नाही”, “बरं आहे, पण...” पुढे गाडी सरकेना. त्यांना आधी दिलेल्या प्रश्नावलीत ‘या लेखकाचं काय आवडतं?’ असा प्रश्न होता, आणि बहुतेकांनी लिहिलं होतं: भीतीचे प्रसंग, वातावरण, धक्के. रूपांतरकाराचं म्हणणं रास्तच होतं: “यांनी जे मागितलं तेच तर दिलंय, तेही दुप्पट!”

अडचण इथे होती. वाचक जे आवडतं म्हणून सांगत होते ते त्यांना भरपूर मिळालं होतं, आणि ते नाराज होते.

पहिला निर्णय: प्रश्न बदलणे

पुढचे भाग लिहून तयार होते, स्टुडिओच्या तारखा घेतलेल्या होत्या. निर्मातीला तातडीने ठोस उपाय हवा होता. तरीही संहितेला हात लावण्याआधी एक बैठक घ्यायची असं ठरलं. पुस्तक वाचलेल्या श्रोत्यांना बोलावलं आणि ‘काय आवडतं’ हे न विचारता इतकंच म्हटलं: पुस्तक न उघडता, आठवेल तो एक प्रसंग सांगा, शक्य तितक्या बारकाव्याने.

बहुतेकांनी पाण्याच्या पेल्याचा प्रसंग सांगितला. आश्चर्य त्याचं नव्हतं. आश्चर्य होतं ते त्यांनी तो कसा सांगितला याचं. जवळजवळ प्रत्येकाने सुरुवात मागून केली: “ते वडील कसे होते माहितीय ना, गोळ्यांना नावं ठेवणारे...” एका बाईंनी तर गोळ्यांची टोपणनावंच म्हणून दाखवली आणि स्वतःच हसल्या. मग त्या डोळे मिटून पडण्याच्या रात्रीवर आल्या, आवाज खाली गेला, आणि त्यानंतर पेला. पुस्तकात या तीन गोष्टींमध्ये बरंच अंतर आहे. त्यांच्या आठवणीत त्या एकाच प्रसंगाचे भाग होते. शेवटच्या प्रकरणातला भलामोठा प्रकार, ज्यावर रूपांतरकाराने तीन भाग राखून ठेवले होते, तो कुणीच आपणहून काढला नाही. विचारल्यावरही दोघा-तिघांनी तो चुकीचा सांगितला.

माझ्या मते या लेखकाचं मर्म इथे उघडं पडलं. त्याचं भूत आपल्याला आवडलेला माणूस असतं. वडील हसवतात, आपण त्यांच्या हाकेला सरावतो, थोडे कंटाळतोही, आणि मुलगा एका रात्री उठत नाही तेव्हा मनातल्या मनात आपणही उठत नाही. मग हाक परत येते ती मुलाला जितकी लागू असते तितकीच आपल्याला. रूपांतरात वडील पहिल्याच भागात गेल्यामुळे ती हाक कुणाचीच राहिली नव्हती. उरला होता एक आवाज.

जुन्या जाणत्यांनी हे वेगवेगळ्या वाटांनी सांगितलेलंच आहे. अ‍ॅन रॅडक्लिफ या इंग्रज भयकादंबरीकार लेखिकेच्या 1826 साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या लेखात दोन भयांमधला फरक मांडला आहे: अनिश्चिततेतलं भय मनाच्या शक्ती जाग्या करतं, तर समोर उभं ठाकलेलं भय त्या आक्रसून, गोठवून टाकतं. अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंग यांनी 1981 सालच्या ‘डान्स मकाब्र’ या भयसाहित्यावरच्या पुस्तकात आपली उतरंड उघड सांगितली: आधी वाचकाच्या मनात दडलेल्या भीतीला हात घालायचा, ते जमलं नाही तर भीषण दृश्य दाखवायचं, आणि तेही नाही जमलं तर किळस आणायची, त्यात कमीपणा मानायचा नाही. आमच्या पहिल्या तीन भागांनी ही उतरंड खालून चढायला घेतली होती.

समोर असलेले पर्याय

चार पर्याय मांडले गेले.

पहिला ध्वनिसंयोजकाचा: संहिता आहे तशी ठेवून आवाजाची बाजू सुधारायची. यात खर्च सर्वांत कमी होता. पण ‘दचकलो, घाबरलो नाही’ या तक्रारीवर हा उपाय लागू पडत नव्हता. डेन्मार्कमध्ये एका भयगृहात, म्हणजे करमणुकीखातर लोकांना घाबरवायला उभारलेल्या जागेत, 110 लोकांच्या हृदयाचे ठोके मोजून केलेल्या आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, भीती आणि मजा यांचं नातं उलट्या ‘यू’सारखं निघालं होतं: भीती फार कमी असेल तरी मजा नाही, फार जास्त झाली तरी नाही. ध्वनिसंयोजकाने यावर बिनतोड सवाल केला, “मग आपण कमी पडतोय की जास्त होतंय?” उत्तर कुणाकडेच नव्हतं. माझी समजूत अशी की आवाज जास्त होता आणि भीती कमी होती, पण ते आकड्याने दाखवता येणार नव्हतं.

दुसरा पर्याय लेखकाच्या मुलीचा: काहीच कापू नका, पूर्ण पुस्तक वाचून दाखवा. तिने ‘द स्टँड’चं उदाहरण दिलं. किंग यांची ती कादंबरी 1978 साली खर्चाच्या हिशेबापायी सुमारे चारशे पानं कापून छापली गेली. 1990 साली कापलेला मजकूर परत घालून ती पुन्हा काढली आणि वाचकांनी ती डोक्यावर घेतली. उदाहरण खरं, पण अर्धंच. याच किंग यांनी 2000 सालच्या ‘ऑन रायटिंग’ या लेखनावरच्या पुस्तकात, दुसरा खर्डा पहिल्यापेक्षा दहा टक्क्यांनी कमी हवा हे कधीकाळी एका संपादकाकडून मिळालेलं सूत्र आवर्जून सांगितलं आहे. शिवाय आपल्या या कादंबरीत पाल्हाळ होतंच. चुलत्याच्या जमिनीच्या भांडणाची ऐंशीएक पानं आहेत, ती मूळ कथेला कुठेच चिकटत नाहीत. लेखक आवडता आहे म्हणून त्याची प्रत्येक ओळ पवित्र मानायचं कारण नाही.

तिसरा पर्याय: पुन्हा पहिल्यापासून संक्षेप करायचा, वेगळ्या निकषावर. चौथा: प्रकल्प गुंडाळायचा. निर्मातीने चौथा पर्याय मांडला तो बहुधा आम्हाला धाक बसावा म्हणून.

निवड तिसऱ्याची झाली. रूपांतरकार सहज तयार झाला नाही. त्याचा आक्षेप खरा होता: पुस्तक वाचणारा माणूस पैसे देऊन बसलेला असतो, तो पन्नास पानं थांबतो, कानाने ऐकणारा थांबत नाही. शेवटी तोड अशी निघाली की पहिल्या भागाची सुरुवात संथ असली तरी चालेल, पण पहिल्या मिनिटात वडिलांनी एकदा हसवलंच पाहिजे.

केलेली कृती

पुस्तकाच्या एका प्रतीवर पेन्सिलने खुणा केल्या. प्रत्येक पानाला एकच प्रश्न: हे पान वाचल्यावर वाचकाकडे गमावण्यासारखं काही वाढलं का? वाढलं असेल तर ते ठेवायचं, मग तिथे काही घडो न घडो. जमिनीचं भांडण या कसोटीवर पूर्ण गेलं. शेवटच्या प्रकरणातला गदारोळ निम्म्यावर आला. बहीण परत आली, आणि ती आल्याने एक मोठी गोष्ट साधली: ‘तुझी झोप झालेली नाही, भास होतोय’ असं घरातलंच शहाणं माणूस म्हणतं तेव्हा श्रोत्याच्या मनातली शंका आधीच बोलून होते. मग हाक आली की त्याच्याकडे आडोसा उरत नाही.

खरी कसरत होती ती हाकांची. पुस्तकात वडील जाण्याआधी हाक नऊ वेळा येते. नऊ वेळा ऐकवली असती तर श्रोता निजला असता. एकदाच ऐकवली तर सवय लागली नसती. चार ठेवल्या. पहिली पूर्ण: हाक, चपलांचा आवाज, पाणी ओतणं, वडिलांचा टोमणा. दुसरी त्याहून लहान. तिसरीत फक्त हाक आणि पाणी. चौथी ती डोळे मिटून पडण्याची: हाक, शांतता, पुन्हा हाक, आणि पाण्याचा आवाज येतच नाही. पाण्याची इतकी सवय झालेली असते की ते न येणं कानाला बोचतं. यासाठी रूपांतरकाराला एक शब्दही लिहावा लागला नाही, आणि तिथून पुढे तो आमच्या बाजूचा झाला.

मेल्यानंतरच्या हाकेवर मोठा वाद झाला. ध्वनिसंयोजकाने तिच्यासाठी घुमणारा, लांबून आल्यासारखा आवाज तयार केला होता. कारागिरी उत्तम होती. माझा आग्रह होता की पहिल्या भागात वापरलेलं तेच ध्वनिमुद्रण, तसंच्या तसं, त्याच पातळीला वाजवावं. मुलगा फसतो तो हाक नेहमीसारखी असते म्हणून. ती भुताची वाटली तर तो उठेलच कशाला? दिग्दर्शकाने दोन्ही ऐकून साधी हाक निवडली. खालचं संगीतही काढलं. पेला भरण्याचा आवाज, बोळातली पावलं, मग पावलं थांबतात. थोड्या वेळाने पाणी पिण्याचा घोट. भाग संपतो.

लेखकाच्या मुलीचा एक हट्ट पुरवला. बालपणीच्या सहलीचं एक प्रकरण कसोटीवर गळत होतं, पण ते तिच्या आणि तिच्या वडिलांच्या खऱ्या आठवणीवर बेतलेलं होतं. निम्मं ठेवलं. मालिकेला त्याचा फायदा झाला नाही, फारसं नुकसानही नाही.

परिणाम

पुन्हा चाचणी घेतली. नवे भाग ऐकताना वाचलेल्यांच्या चेहऱ्यावरच फरक दिसला. चौथ्या हाकेला एकाने हेडफोन काढून इकडेतिकडे पाहिलं आणि परत लावला. न वाचलेल्यांपैकी काहींना पहिला भाग रटाळ वाटला आणि त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं.

मालिका प्रसिद्ध झाल्यावरचं चित्रही साधारण असंच राहिलं. पहिल्या दोन भागांत गळती झाली, निर्मातीच्या अंदाजापेक्षा जास्तच. पण हाकांची मालिका ऐकून पुढे गेलेले श्रोते बहुतांशी शेवटपर्यंत टिकले. प्रतिक्रियांमध्ये लोक स्वतःच्या घरातल्या आजारपणांबद्दल लिहू लागले. भुताचा उल्लेख अनेकांनी केलाच नाही. शेवटाबद्दलची तक्रार कायम राहिली, आणि ती लेखकाबद्दलच होती. या लेखकाला शेवट जमत नाही असं त्याचे कट्टर चाहतेही म्हणतात, आणि तरी पुढचं पुस्तक घेतात. आवडता लेखक होण्यासाठी चांगला शेवट लागतोच असं नाही, हे मला या कामात पहिल्यांदा इतकं ठळक दिसलं.

आर्थिक बाजूने प्रकल्प कसाबसा पार पडला. तीन भाग पुन्हा ध्वनिमुद्रित करण्याचा भुर्दंड निर्मातीला सोसावा लागला.

वेगळं काय करता आलं असतं

आठवणीचा प्रश्न संहिता लिहायला घेण्याआधी विचारायला हवा होता. त्याला एक संध्याकाळ लागते. लोक आपल्या आवडीची कारणं सांगतात तेव्हा बहुतेक वेळा त्या साहित्यप्रकाराची व्याख्या सांगतात. प्रसंग सांगतात तेव्हा स्वतःचं सांगतात. पुढे असं काम असेल तर प्रश्नावली बाजूला ठेवावी असं मी सुचवेन.

संहिता आणि ध्वनी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलल्या. त्यामुळे सुधारणा नेमकी कशामुळे झाली हे आता सांगता येत नाही. माझा कल संहितेकडे आहे, ध्वनिसंयोजकाचा अर्थातच ध्वनीकडे. जुनी संहिता आणि नवा आवाज असा निदान एक भाग करून पाहिला असता तर वाद मिटला असता. तारखांच्या घाईत ते राहिलं.

भागांची विभागणीही जरा वेगळी जमली असती. किंग यांनी ‘द ग्रीन माइल’ 1996 साली सहा भागांत, दर महिन्याला एक अशी काढली, तेव्हा पुढच्या भागाची वाट पाहणं हे वाचनाचाच भाग झालं. आमच्याकडे सोळाच्या सोळा भाग एकदम उपलब्ध करून दिले. ज्या लेखकाचं सगळं बळ वाट पाहायला लावण्यात आहे, त्याचे भाग एका बैठकीत संपवायची सोय करण्यात काय हशील होतं, यावर चमूत अजून एकमत नाही. निर्माती म्हणते, आठवडाभर थांबायला लावलं असतं तर गळती आणखी वाढली असती.

जाहिरातीबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत आहे. ‘रात्री एकट्याने ऐकू नका’ अशी ओळ सगळीकडे झळकवली होती. ती वाचून आलेल्याला पहिल्या भागात एक म्हातारा गोळ्यांना नावं ठेवताना सापडला. दुसऱ्या मालिकेची बोलणी चालू आहेत, याच लेखकाच्या दुसऱ्या कादंबरीवर, आणि या वेळी जाहिरातीचा मजकूर संहितेनंतर लिहायचा असं करारातच घातलं आहे.